पंडिता रमाबाई व गरिबाघरचा नाताळ

नाताळ सण जवळ येऊ लागला म्हणजे गरीब ख्रिस्ती घरांत आनंदाच्या पाठोपाठ एक काळजीही शिरते. भिवंडी तालुक्यातील वडपे हे गाव मुंबई-आग्रा हमरस्त्यावर आहे. त्या बाजूस आता शेतांच्या शेजारी मोठमोठी गोदामे उभी आहेत, आणि पुष्कळांची चूल तेथील रोजंदारीवर पेटते. एक दिवसाचा खाडा पडला तर त्या दिवसाचे पीठ कोठून आणावे असा प्रश्न पडतो. मग मुलांच्या नव्या कपड्यांची गोष्ट कशाला? त्या बाजूच्या एका मातेने आम्हांस एकदा विचारले की, शेजारची मुले नवे कपडे घालून उपासनेस येणार, तेव्हा आपल्या मुलांचे तोंड उतरू नये म्हणून व्याजाने रक्कम काढावी की काय? ऋण काढून सण करू नये, एवढेच आम्ही तिला सांगितले. ते खरे होते. परंतु त्याने तिचे समाधान झाले नाही, आणि आमचेही झाले नाही. काय करू नये हे सांगणे सोपे. काय करावे हे तिला हवे होते. पुढे पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचीत असता त्या मातेस द्यावयाचे उत्तर आम्हांस सापडले. ते येथे सादर करितो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ या ठिकाणी झाला. हे ठिकाण आज कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. आणि त्या काळी हे लोकविलक्षण वर्तन समजले गेले. त्यांच्या घरी विद्यार्थी राहत, यात्रेकरू उतरत, आणि आल्यागेल्याचा पाहुणचार होई. त्या खर्चापायी शास्त्रीबुवा कर्जात बुडाले व त्यांस घर सोडावे लागले. रमाबाई तेव्हा अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या एका पेटाऱ्यात निजवून त्यांस डोंगराखाली आणण्यात आले. अशा रीतीने या बालिकेच्या वाट्यास घर असे आलेच नाही. एका तीर्थापासून दुसऱ्या तीर्थापर्यंत पायी चालणे, देवळाच्या आवारात किंवा नदीकाठी उतरणे आणि पुराण सांगून मिळेल त्यावर गुजराण करणे, हेच त्या कुटुंबाचे जीवन झाले. खेळणी, नवे कपडे किंवा सणाची मेजवानी या गोष्टी अशा संसारात कितीशा असणार?

तरी या मुलीस एक देणगी रोज मिळत असे. वडील वृद्ध झाले होते. म्हणून तिला शिकविण्याचे काम मातेने पत्करले. दिवसभर मातेस फुरसत नसे. तेव्हा ती उजाडण्यापूर्वीच उठे, झोपेने जड झालेल्या मुलीस कुशीत घेई, गोड शब्दांनी तिला जागे करी, आणि पाखरे जागी होत असता तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. या शिक्षणास पाटी लागली नाही, पैसा लागला नाही. लागली ती मातेची झोप. अशा पहाटा वर्षानुवर्षे गेल्या, आणि रमाबाईंस भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. पुढे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. ते त्यांनी आपल्या मातेच्या स्मृतीस अर्पण केले. साऱ्या बालपणातून जी गोष्ट मनात तेवत राहिली ती ही होती.

सन १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचा पैसा दानधर्मात व यात्रेत संपला होता. भांडी विकली गेली, दागिने गेले. शेवटी ते कुटुंब रानात शिरले व अकरा दिवस आणि रात्री झाडपाल्यावर राहिले. अंगमेहनत कोणास ठाऊक नव्हती, आणि भीक मागण्यास मन घेत नव्हते. प्रथम वडील वारले. मरतेसमयी त्यांनी या सर्वांत धाकट्या मुलीस हृदयाशी धरून देवाची सेवा करीत राहण्याची आज्ञा दिली. थोड्याच आठवड्यांनी माता गेली. मातेचे प्रेत उचलण्यास दोनच ब्राह्मण आले. तिसरा खांदेकरी मुलगा श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. त्यांची उंची कमी पडे, म्हणून त्यांनी तिरडीचा आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीणही गेली.

आता भाऊ व बहीण अशी दोघेच उरली. देशभर ती पायी हिंडली. कित्येक दिवस मूठभर धान्य पाण्यात भिजवून, मीठ लावून, दोघांनी वाटून खाल्ले. झेलम नदीच्या काठी एकदा थंडी अनावर झाली, पांघरूण नव्हते. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे उकरले, त्यांत निजून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि केवळ डोके उघडे ठेविले. असे करीत १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. घर गेले, पैसा गेला, मायबाप गेले. परंतु मातेने पहाटे दिलेली देणगी कोणत्याही सावकाराच्या हाती लागली नाही. दुष्काळातून तेवढीच वाचली, आणि तिनेच मुलीस उभे केले.

पुढील वृत्तांत थोडक्यात सांगतो. १८८० साली बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधवी या वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला. १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तान्ह्या मुलीस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्या वर्षी त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक काढले व त्याच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचा खर्च उभा केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी बालकांस खेळातून शिकविण्याची फ्रेबेलची पद्धत अभ्यासिली. जिला स्वतःला खेळण्याचे वय लाभले नाही, तिने इतरांच्या मुलांस खेळविण्याची विद्या परदेशी जाऊन शिकावी, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले, आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेण्यात आले.

सन १८९६ च्या एप्रिलात लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास रमाबाईंबरोबर पंधरा मुली होत्या. तेव्हा त्यांच्या मनात आले की, पंधराच्या पंधरापट, म्हणजे २२५ मुली, देवाजवळ मागाव्या. द्रव्याची सोय नव्हती. त्याच वर्षी पावसाने दगा दिला व त्या सालचा नाताळ दुष्काळाच्या छायेत आला. मध्यप्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या, आणि रमाबाईंस रानातले ते अकरा दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. हाडांचा सापळा झालेल्या, फाटक्या, घाणेरड्या, माणसास भिणाऱ्या अशा मुली त्यांनी गोळा करून आणिल्या. त्यांची संख्या लवकरच मागितलेल्या आकड्याच्या पुढे गेली. पुण्यास प्लेगमुळे इतक्या जणींस ठेवता येईना. तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या शंभर एकर शेतावर तंबू व तात्पुरती छपरे उभारून त्यांस ठेविले. हेच मुक्तिसदन होय. १९०० सालच्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या व एकंदर संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

इतक्या लेकरांस सुख द्यावयाचे, आणि ठरीव उत्पन्न काही नाही. रमाबाईंनी काय दिले ते पाहा. प्रथम पोटभर साधे अन्न, अंघोळ व अंगभर स्वच्छ वस्त्र. मग नावाने हाक मारणारे माणूस. मग अक्षरओळख, लहानांस खेळातून, मोठ्यांस पुस्तकातून. आणि शेवटी प्रत्येकीच्या हातास काम: विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, दूधदुभते, छापखाना. आंधळ्या मुलींसही बोटांनी वाचण्यास शिकविले. अंगमेहनत ठाऊक नसल्याने आपल्या मायबापांची काय दशा झाली हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. म्हणून काम येणे हा मुलीचा दागिना होय असे त्यांनी मानिले. स्वतः त्या पांढरे साधे लुगडे नेसत आणि अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या. मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्याचे कामही त्यांनी तेथेच चालविले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

आता त्या मातेस आमचे उत्तर. बाई, व्याजाने आणलेला कपडा पुढच्या पावसाळ्यात फाटेल, आणि व्याज मात्र नवेच राहील. आतिथ्यासारख्या चांगल्या कामासाठी काढलेल्या कर्जानेही अनंतशास्त्र्यांचे घर गेले. तुम्ही मुलांस तुमची पहाट द्या. नाताळापूर्वी काही दिवस त्यांस लवकर उठवून, कुशीत घेऊन, गव्हाणीतल्या बालकाची गोष्ट सांगा व एक गीत पाठ करवा. भातझोडणी होऊन तुमच्याकडे पेंढा असतोच. त्याचा गोठा मुलांकडून करवा. बांबूच्या कामट्या व कागद यांचा तारा त्यांच्या हातून होऊ द्या. विकतच्या ताऱ्याहून तो त्यांस अधिक आवडेल. आहे तो कपडा धुऊन, टाके घालून, नीट घडी करून ठेवा. करंज्या थोड्या झाल्या तरी चालतील, पण त्यांतील दोन, मुलाच्याच हातून, आपल्याहून गरिबाच्या दारी पाठवा. मूठभर धान्य दोघांत वाटून घेणाऱ्या मुलीनेच पुढे हजारोंस जेवू घातले. वाटून खाण्याची सवय लहानपणीच लागते.

आणि उपदेशक बंधूंस व मंडळीतील वडील जनांस एक विनंती. ज्या घरी ओढाताण आहे तेथील लेकरांचे तोंड उतरते ते बहुधा जुन्या कपड्यामुळे नव्हे, तर आपण मोठ्यांनी त्या कपड्याकडे पाहिल्यामुळे. यंदा शब्बाथशाळेत कोणी काय घातले याची चर्चा आपणच होऊ देऊ नये. सर्वांचा फराळ एके ठिकाणी गोळा करून सर्वांनी एका पंक्तीस बसावे, म्हणजे कोणाच्या घरून किती आले हे कोणास कळणार नाही. गीत म्हणण्यास प्रथम त्या मुलास उभे करावे, ज्याच्या मातेने पहाटे उठून ते त्याच्याकडून पाठ करविले आहे. बेथलेहेमच्या बालकासही त्या रात्री नवा कपडा नव्हता. बाळंते होती, गव्हाण होती, आणि जागी असलेली माता होती. एवढे तर आपल्यांतील प्रत्येक घरी आहे.