इओसिनोफिलला नाव देणारा माणूस

मुलाला वारंवार दम लागत असेल तर रक्ताच्या रिपोर्टमध्ये आई-वडिलांची नजर आधी एकाच ओळीवर जाते, ती म्हणजे इओसिनोफिल. पुणे असो की इथलं फ्रँकफर्ट, हा शब्द आता घरोघरी माहीत झालाय. पण तो दिला कुणी, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पाउल एर्लिख यांचा जन्म 14 मार्च 1854 रोजी सायलेशियातल्या श्ट्रेलेन गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. विद्यार्थी असल्यापासून त्यांना रंगांचं वेड. त्या काळी डांबरापासून कापडाचे नवे रंग निघत होते. एर्लिखनी तेच रंग काचपट्टीवरच्या रक्तावर घालून पाहिले. 1879 साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांना काही पांढऱ्या पेशींतले दाणे इओसिन हा तांबूस रंग भराभर शोषून घेताना दिसले. म्हणून नाव पडलं इओसिनोफिल. इओस म्हणजे ग्रीकांची पहाटेची देवी, आणि आपल्या उषेशी त्या शब्दाचं मूळ एकच आहे. पुढे इतर डॉक्टरांना या पेशी दम्याच्या रुग्णांत वाढलेल्या आढळल्या.

1888 मध्ये त्यांना स्वतःलाच क्षय झाला. क्षयाचे जंतू रंगवायची पद्धत त्यांनीच सुधारली होती, त्याच पद्धतीने स्वतःच्या थुंकीत जंतू सापडले! हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले.

मुलांसाठी त्यांनी केलेलं मोठं काम त्यानंतरचं. घटसर्पाने तेव्हा असंख्य लहान मुलं दगावत. बेरिंग यांनी प्रतिविष शोधलं होतं, पण एका बाटलीत ताकद जास्त तर दुसरीत कमी. एर्लिखनी ती मोजायचं पक्कं परिमाण ठरवून दिलं. 1899 साली ते फ्रँकफर्टला आले. 1908 चं नोबेल त्यांना मेचनिकॉफ यांच्यासोबत मिळालं. 1910 मध्ये उपदंशावरचं साल्वरसान बाजारात आलं. 20 ऑगस्ट 1915 रोजी ते बाड होम्बुर्ग इथे वारले.

माझ्या मुलीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी त्या आकड्याकडेच बघत बसले होते. आकडा वाढलेला, म्हणजे दमा नक्की, असं मनानं धरून टाकलं. डॉक्टरांनी समजावलं की पाचाखालच्या मुलांना यंत्रात नीट फुंकता येत नाही, म्हणून रक्ताची मदत घेतात. पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल 4 टक्के किंवा जास्त असणं हा फक्त एक दुय्यम निकष. जंतांनी, इसबाने, ॲलर्जीच्या सर्दीनेही ते वाढतात आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उतरतात. घरात कुणाला दमा आहे का, सर्दी नसतानाही छातीत घरघर होते का, हे सगळं सोबत बघावं लागतं.

इथे साक्सेनहाउझेनमध्ये एर्लिख यांच्या नावाचा रस्ता आहे. ते ज्यू होते म्हणून नाझींनी ते नाव पुसलं, त्यांच्या पत्नी हेडविग यांना देश सोडावा लागला. युद्धानंतर नाव परत आलं. पाटी पुसता आली, पण जगभरच्या रिपोर्टमधला तो शब्द मात्र कुणाला पुसता आला नाही.