विल्हेल्म मायबाख

जर्मनीत नेकार नदीच्या काठी हाइलब्रॉन नावाचे गाव आहे. तेथे एका सुताराच्या घरी ९ फेब्रुवारी १८४६ रोजी विल्हेल्म मायबाखचा जन्म झाला. तो आठ वर्षांचा असताना आई वारली आणि आणखी दोन वर्षांनी पित्याचे छत्रही हरपले. रॉयटलिंगेन येथे गुस्ताव्ह वेर्नर नावाचा धर्मोपदेशक अनाथ व गरीब मुलांसाठी आश्रम चालवीत असे. त्या आश्रमात विल्हेल्मला आसरा मिळाला. आश्रमाला जोडूनच एक यंत्रशाळा होती. या पोरक्या मुलाचा हात रेखाटनात चांगला चालतो, हे वेर्नरने हेरले व त्याला यंत्रांचे आराखडे काढण्याच्या कामावर घातले. दिवसा कारखान्यात काम करावे आणि सायंकाळी गावच्या शाळेत भौतिकशास्त्र व चित्रकला शिकावी, असा त्याचा क्रम असे.

याच यंत्रशाळेत गोटलीब डाइमलर प्रमुख म्हणून आला. तो मायबाखपेक्षा बारा वर्षांनी वडील होता. १८६५ च्या सुमारास दोघांची ओळख झाली आणि ती डाइमलरच्या मृत्यूपर्यंत टिकली. डाइमलर जेथे गेला तेथे त्याने मायबाखला बोलावून घेतले. डॉइट्झच्या कारखान्यात ओटोने १८७६ साली तयार केलेल्या चार धावांच्या इंजिनाला विक्रीयोग्य रूप देण्याचे काम मायबाखकडेच होते. परंतु ते इंजिन अवजड होते व नळीतून येणाऱ्या गॅसवर चाले. म्हणून ते एकाच जागी खिळून राही. रस्त्यावर धावणारे हलके इंजिन करावे, या ध्यासाने १८८२ साली दोघांनी डॉइट्झ सोडले व कान्‌श्टाट येथे डाइमलरच्या बागेतील काचघरात काम आरंभिले. रात्रंदिवस चालणारी ती ठोकाठोक ऐकून येथे खोटी नाणी पाडतात असा माळ्याला संशय आला आणि पोलिसांनी झडती घेतली, असे सांगतात. त्यांना तेथे इंजिनाचे भाग व अवजारेच सापडली.

१८८५ साली या काचघरातून एक लाकडी दुचाकी बाहेर पडली. तिचे इंजिन जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे होते. नोव्हेंबर महिन्यात तिने उंटरट्युर्कहाइमपर्यंतचे तीन किलोमीटर अंतर तोडले. जगातील पहिली मोटारसायकल म्हणून आज तिचेच नाव घेतात.

या इंजिनाची खरी अडचण इंधनाची होती. हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेत व तिच्यात वाफ मिसळू देत. पण पेट्रोलचा हलका अंश आधी उडून जाई, जड अंश मागे राही. थंडी पडली किंवा रस्ता खडबडीत असला, की मिश्रण बिघडे. सुमारे पंधरा भार हवेस एक भार पेट्रोल हे प्रमाण सांभाळावे कसे? कंपनीच्या चालकांशी न पटल्यामुळे १८९१ साली मायबाख बाहेर पडला होता. डाइमलरच्या साह्याने त्याने कान्‌श्टाटच्या हेर्मान हॉटेलच्या दालनात काम मांडले. तेथे हा प्रश्न सुटला.

फुगा दाबून अत्तर उडविण्याची कुपी आपण पाहतो. मायबाखने तसेच केले. इंजिन जी हवा ओढते, तिच्या वाटेत त्याने एक बारीक तोटी ठेवली; हवेच्या ओढीने पेट्रोल तुषाररूपाने बाहेर येऊ लागले. तोटीला जोडलेल्या लहान कोठीत एक पोकळ तरंगक असे. पेट्रोल चढले की तरंगक चढे आणि सुई येणारी वाट बंद करी. पेट्रोल उतरले की वाट पुन्हा उघडे. त्यामुळे तोटीच्या मुखाच्या किंचित खाली पातळी सदैव स्थिर राही. १८९३ साली त्याने या कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. हंगेरीच्या बांकी व चोंका यांनी त्याच वर्षी काही महिने आधी अशाच रचनेचे पेटंट मागितले होते, हेही सांगितले पाहिजे.

ही पातळी किती नाजूक असते, हे जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल दुरुस्त करणारा कारागीर जाणतो. कोठीच्या तळाला पारदर्शक नळी जोडून तो ती उभी धरतो; द्रव दोन्हीकडे सारख्या उंचीवर राहत असल्याने आतली पातळी बाहेर दिसते. ती चढलेली असली तर पेट्रोल ओसंडते व गाडी धूर ओकते. उतरलेली असली तर धोका अधिक, कारण अशा बहुतेक गाड्यांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, आणि तापलेला दट्ट्या नळकांड्यात अडकून बसतो. मग तरंगकाची पितळी जीभ केसभर वाकवून तो पातळी साधतो.

१८९५ साली मायबाख सन्मानाने कंपनीत परतला. १९०० च्या मार्चमध्ये डाइमलर निवर्तला. त्याच वर्षअखेरीस मायबाखने रचलेली ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज तयार झाली; इंजिन थंड राखण्यासाठी तिच्या पुढील भागी मधाच्या पोळ्यासारखी आठ हजारांवर बारीक नळ्यांची जाळी होती. पण मित्र गेल्यावर कंपनीत त्याची उपेक्षा होऊ लागली आणि १९०७ साली त्याने ती कायमची सोडली. १९०९ पासून पुत्र कार्लसह त्याने झेपेलिनच्या आकाशनौकांसाठी इंजिने बांधण्याचा उद्योग उभारला. २९ डिसेंबर १९२९ रोजी मायबाखचा अंत झाला. डाइमलरला जेथे पुरले होते, कान्‌श्टाटच्या त्याच दफनभूमीत त्यालाही पुरण्यात आले.