वसईवरून गेलेली रेघ

मुलगी लंडनला गेल्यापासून आमच्या घरात अ‍ॅटलास कायम उघडा असतो. परवा सहज अहमदाबाद ते जुहू अशी पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती नेमकी आमच्या वसईवरून गेली! मग वाटलं, 15 ऑक्टोबर 1932 च्या दुपारी किल्ल्याजवळच्या शेतात कुणी मान वर केली असेल, तर त्याला कदाचित एक इवलंसं, एका इंजिनाचं विमान दिसलंही असेल. ते चालवत होते जे. आर. डी. टाटा.

29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या या मुलाची आई फ्रेंच. सुटीतल्या घराच्या शेजारी इंग्लिश खाडी उडून ओलांडणारे ब्लेरिओ. विमानाचं वेड लागायला आणखी काय हवं? फेब्रुवारी 1929 मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

पुढच्याच वर्षी इंग्लंड-भारत हे अंतर एकट्याने उडून पार करण्याची आगाखान स्पर्धा झाली. जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकले होते. जे. आर. डीं.नी आपल्याकडचा प्लग देऊन टाकला आणि काही तासांनी स्पर्धा हरले. तेच अस्पी पुढे भारताचे हवाईदल प्रमुख झाले.

1932 चं उड्डाण मात्र टपालाचं होतं. लंडनहून कराचीला विमानाने आलेली पत्रं तिथून पुढे लवकर पोचावीत, हा हेतू. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराची, वाटेत इंधनासाठी अहमदाबाद, दुपारी दोनच्या आत जुहू. सुमारे एक हजार किलोमीटर, सव्वासात तास. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पण टपाल थांबत नसे. मी बँकेत असताना टपालाने येणाऱ्या 'मेल ट्रान्सफर'ची वाट पाहणारे खातेदार रोज काउंटरवर यायचे. त्यामुळे पत्राचा एक दिवस वाचणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

8 जून 1948 ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. 10 जूनला पोचलं. प्रवाशांत जे. आर. डी. होतेच. 1953 मध्ये कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. ते त्यांना रुचलं नव्हतं, तरी अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. पडदे, चहा, स्वच्छतागृह, सगळ्यांवर त्यांची नजर असे. 1978 मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केलं. माणूस कडवट झाला असता. पण 1982 च्या ऑक्टोबरात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पुन्हा कराची-जुहू उड्डाण केलं. मी तेव्हा नोकरीत नवा होतो; पेपरातला तो फोटो कापून ठेवला होता.

29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात ते गेले. 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत आली. ते पाहायला ते नव्हते.

मुंबई-लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. तेव्हाही तेवढंच होतं, आजही तेवढंच आहे. 1948 मध्ये वाटेत थांबत तिसरा दिवस उजाडायचा, आज थेट विमानाला दहाएक तास लागतात. अंतर देवाने ठरवलं, वेळ मात्र माणसांनी कमी केला. त्यातला एक जण वाटेत स्वतःचा प्लग देऊन हरणारा होता.

मुलगी सुटीला येते तेव्हा विमानतळाहून वसई गाठायलाच ट्रॅफिकमध्ये दोन-अडीच तास जातात. ही चिडते, म्हणते, लंडन जवळ आहे, वसई लांब. मी काही बोलत नाही. गच्चीवर जाऊन दिवे लुकलुकवत उतरणारी विमानं मोजत बसतो. त्यातलं एक तिचं असतं.