नाव नसलेली लेन्स आणि एडवर्ड वेस्टन

छायाचित्रकाराच्या आयुष्यात लेन्सची निवड ही बहुधा खिशाची आणि सोयीची बाब असते. एडवर्ड वेस्टन यांच्या बाबतीत ती उपजीविकेची बाब ठरली. ज्या लेन्सनी त्यांना पैसा आणि मानमरातब दिला, त्याच त्यांनी ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर बाजूला सारल्या.

वेस्टन यांचा जन्म २४ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, हायलंड पार्क येथे झाला. सोळाव्या वर्षी वडिलांनी कोडॅकचा साधा कॅमेरा हाती दिला आणि पुढची वाट ठरली. कॅलिफोर्नियात ट्रॉपिको या छोट्या गावी १९११ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्या काळी छायाचित्राने चित्रासारखे दिसावे, कडा विरघळाव्यात, चेहऱ्यावर धुके उतरावे, अशी अभिरुची होती. त्यासाठी खास मृदू लेन्स मिळत. वोलेनसॅक कंपनीची व्हेरिटो ही त्यांतलीच. तिचे छिद्र पूर्ण उघडले की प्रतिमेभोवती प्रकाशाची साय धरल्यासारखी होई, सुरकुत्या आपोआप मावळत आणि गिऱ्हाईक खूश होई. वेस्टन या शैलीत इतके निपुण झाले की १९१७ मध्ये लंडन सलोनने त्यांना सदस्यत्व दिले. चार मुलांचा संसार याच धुक्यावर चालत होता.

१९२२ मध्ये ओहायोतील मिडलटाऊन येथे त्यांनी आर्मको पोलाद कारखान्याची धुराडी टिपली. त्या नळकांड्यांच्या स्वच्छ रेषांपुढे मृदू लेन्सचे प्रयोजन उरले नाही. पुढच्याच वर्षी पत्नी फ्लोरा आणि तीन मुले मागे ठेवून, थोरला चँडलर आणि टीना मोडोटी यांच्यासह ते मेक्सिकोला निघाले. हा निर्णय कुटुंबाला महागात पडला, हे कलेच्या कौतुकात विसरू नये.

सोबत आठ बाय दहा इंचांचा सेनेका कॅमेरा होता, आणि गंमत अशी की व्हेरिटोही होतीच. सवय एकदम सुटत नाही. मेक्सिकोत त्यांनी एक जुनी, वापरलेली रॅपिड रेक्टिलिनियर लेन्स विकत घेतली. तिच्यावर निर्मात्याचे नावसुद्धा नव्हते. हा नमुना १८६६ सालचा, म्हणजे तेव्हाही जवळजवळ सहा दशके जुना. एकसारखे दोन भिंगगट समोरासमोर बसवल्याने सरळ रेषा सरळच उमटत. कोपरे मात्र छिद्र लहान केल्याखेरीज नीट येत नसत. बाजारात याहून सरस, आधुनिक लेन्स उपलब्ध होत्या. तरीही ही अनामिक लेन्स पुढे अनेक वर्षे वेस्टन यांची मुख्य लेन्स राहिली.

यामागे एक साधे गणित होते. मोठ्या कॅमेऱ्यातील निगेटिव्ह ते मोठे करून छापत नसत. कागद निगेटिव्हला चिकटवून तेवढ्याच आकाराचा ठसा काढत. लहान फिल्म वाढवताना लेन्सचे दोषही वाढतात. इथे वाढवायचेच काही नव्हते. छिद्र अतिशय लहान केले की प्रकाशाच्या विवर्तनाने तीक्ष्णता थोडी घटते, पण समान आकाराच्या ठशात ते डोळ्यांना जाणवत नाही, आणि जवळची-दूरची प्रत्येक गोष्ट स्पष्ट होते. अशा कामात लेन्स निवडताना पाहायचे ते दोनच: तिचे प्रकाशवर्तुळ आठ बाय दहाच्या फिल्मचे चारही कोपरे झाकते का, आणि लहान छिद्रावर ती निर्दोष चालते का. इंदूर-हैदराबादच्या वाचकांना लाला दीनदयाळ यांच्या मोठ्या काचपट्ट्या आठवतील. तो व्यवहारही असाच, घाई न चालणारा.

किंमत वेळेत मोजावी लागे. कॅलिफोर्नियात परतल्यावर १९२७ मध्ये शंख-शिंपल्यांची चित्रे घेताना एका निगेटिव्हसाठी साडेचार तास लेन्स उघडी ठेवावी लागली. घरात कुणी धावले तरी सारे फुकट. १९३० च्या ऑगस्टमध्ये ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून घेतलेले छायाचित्र आज जगभर ओळखले जाते. मंडईतील ती भाजी पाठमोऱ्या मानवी देहासारखी दिसते. व्हेरिटोने घेतली असती तर ती नुसती सुंदर दिसली असती.

१९३२ मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, इमोजन कनिंगहॅम आदींसह स्थापन झालेल्या गटाने तर एफ ६४ या लहान छिद्राचेच नाव धारण केले. मानाची ही वर्षे पैशांच्या दृष्टीने ओढगस्तीचीच होती. पोट भरत होते ते व्यक्तिचित्रांवर. गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारे पहिले छायाचित्रकार ते १९३७ मध्ये ठरले. दोन हजार डॉलरच्या त्या रकमेवर चॅरिस विल्सन यांच्यासह त्यांनी मोटारीने पश्चिम अमेरिका पालथी घातली. १९३९ च्या त्यांच्या साहित्ययादीत लेन्स एकच आहे: टर्नर-राइश. पूर्ण वापरली तर नाभीय अंतर १२ इंच, एकेक भिंगगट वापरला तर २१ किंवा २८ इंच. एका लेन्सच्या वजनात तीन लेन्स. सोबत तीन फिल्टर, बारा फिल्मधारक आणि एक तिपाई. प्रत्येक धारकात दोन फिल्म, म्हणजे चोवीस संधी. त्या संपल्या की पुन्हा अंधारात बसून भरणे आले.

पार्किन्सनच्या कंपवाताने हात थरथरू लागले. १९४८ मध्ये पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावर त्यांनी शेवटचे छायाचित्र घेतले. त्यानंतर कॅमेरा उचलणे झाले नाही. निगेटिव्ह निवडायचे ते, आणि ठसे काढायचा मुलगा ब्रेट. अशी आठशेहून अधिक निगेटिव्हे छापून झाली. १ जानेवारी १९५८ रोजी वाइल्डकॅट हिल येथील घरी वेस्टन यांचे निधन झाले. मुलांनी त्यांची रक्षा पॉइंट लोबोसच्याच समुद्रात सोडली. मेक्सिकोतली ती निनावी लेन्स आज रॉचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयात आहे.