हेन्री वॉल्टर बेट्स

इंग्लंडमधील लेस्टर या गावी ८ फेब्रुवारी १८२५ रोजी हेन्री वॉल्टर बेट्स यांचा जन्म झाला. वडिलांचा मोजे तयार करण्याचा व्यवसाय होता. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि हेन्री एका मोजे-व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागले. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत राबावे लागे. तरीही कामगारांसाठी चालणाऱ्या रात्रीच्या वर्गांना ते नेमाने जात. सवड मिळताच रानात हिंडून भुंगेरे गोळा करीत. १८४३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा भुंगेऱ्यांवरील छोटा लेख एका मासिकात प्रसिद्ध झाला.

लेस्टरमध्ये शिक्षक म्हणून आलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्याशी त्यांची मैत्री झाली. जीवजाती कशा निर्माण होतात, या प्रश्नाने दोघांनाही झपाटले होते. जवळ पैसा नव्हता. तेव्हा कीटक व पक्षी यांचे नमुने विकून खर्च भागवायचा, असे ठरवून १८४८ मध्ये ते ब्राझीलला गेले. वॉलेस १८५२ मध्ये परतले; बेट्स मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे राहिले. पीतज्वराने त्यांना गाठले. एकदा वर्षभर इंग्लंडहून पैसेच आले नाहीत. कपड्यांच्या चिंध्या झाल्या आणि अरण्यात अनवाणी फिरावे लागले. पण काम थांबले नाही. त्यांनी १४,७०० हून अधिक जातींचे नमुने जमवले. त्यांपैकी सुमारे ८,००० जाती विज्ञानाला नव्या होत्या.

या संग्रहातील फुलपाखरांनी त्यांना कोड्यात टाकले. काही फुलपाखरे पंखांच्या रंगांवरून एकाच जातीची वाटत. परंतु पाय आणि पंखांच्या शिरा तपासल्या, की ती अगदी भिन्न कुळांतील निघत. त्यांतील एक प्रकार विपुल होता. तो संथपणे उडे, तरी पक्षी त्याच्या वाटेला जात नसत. तो बेचव असावा, असे बेट्स यांनी अनुमान केले. दुसरा प्रकार विरळ आणि खाण्याजोगा होता. पण पहिल्यासारखा दिसत असल्यामुळे बचावत होता. शिवाय प्रदेशागणिक बेचव फुलपाखराचे रंग बदलले, की त्याची नक्कल करणाऱ्याचेही रंग बदलत.

फुलपाखरू हे सोंग जाणूनबुजून घेत नाही. एकाच जातीच्या फुलपाखरांतही थोडाफार फरक असतो. ज्यांचे रूप बेचव फुलपाखराशी अधिक जुळते, त्यांना पक्षी सोडून देतात. बाकीची अधिक मारली जातात. वाचलेल्यांचे रूप संततीत उतरते आणि असंख्य पिढ्यांनंतर साम्य जवळजवळ पूर्ण होते. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या ग्रंथात मांडलेल्या नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाला टीकाकार पुरावा मागत होते. बेट्स यांनी १८६१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधाने तो फुलपाखरांच्या पंखांवरच दाखवला. डार्विन यांनी या निबंधाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्यांच्याच आग्रहावरून बेट्स यांनी लिहिलेले प्रवासवर्णन १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले.

१८६४ पासून अखेरपर्यंत बेट्स रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सहायक सचिव होते. १८८१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १६ फेब्रुवारी १८९२ रोजी त्यांचे निधन झाले.

अशा साम्याला आज 'बेट्सीय अनुकृती' म्हणतात. तिचे उदाहरण भारतातही दिसते. रुईच्या पानांवर वाढणारे 'प्लेन टायगर' फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागते आणि 'डॅनेड एगफ्लाय' या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. तेराव्या वर्षी शाळा सुटली, तरी बेट्स यांचे शिकणे कधीच सुटले नाही. म्हणूनच फुलपाखराच्या पंखांवरील ही खूण त्यांना वाचता आली.