लाजेच्या आजारावर औषध शोधणारा डॉक्टर

औषधाची गोळी आपण पाण्याबरोबर गिळतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण कधी असा विचार मनात आलाय का, की पोटात गेलेल्या त्या गोळीला कसं कळतं, छातीकडे जायचं की गुडघ्याकडे? खरं उत्तर अगदी साधं आहे. तिला काहीच कळत नाही! ती विरघळते, रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर अंगभर फिरते. मात्र काम करते ती तिला धरून ठेवणारी जागा मिळेल तिथेच. आपल्या शरीरातल्या पेशींवर अशा खास जागा असतात. त्यांना शास्त्रात ‘रिसेप्टर’ म्हणतात. दम्याचा पंप ओढल्यावर श्वास मोकळा होतो, कारण ते औषध श्वासनलिकेच्या स्नायूंवरच्या अशाच जागांना जाऊन चिकटतं. रक्तदाबाच्या कितीतरी गोळ्यांचंही हेच तंत्र आहे.

‘रिसेप्टर’ हा शब्द शास्त्रात १९०० साली रूढ केला जर्मनीच्या पॉल एर्लिख यांनी. आणि त्याच विचाराचा माग काढत त्यांनी एका अशा आजारावर औषध शोधलं, ज्याचं नाव घ्यायलाही लोक लाजत होते. तो आजार होता उपदंश, म्हणजे सिफिलिस. आपल्याकडची जुनी माणसं त्याला ‘गरमी’ म्हणत.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४चा. गाव श्ट्रेलेन. तेव्हा ते जर्मन राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू धर्माचं. वर्गात पहिला-दुसरा येणारा हा मुलगा नव्हे. पण त्याला एक वेड लागलं, रंगांचं! आईकडून नात्यात असलेला कार्ल वायगर्ट हा भाऊ शरीराचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्या काळी जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्याचे मोठमोठे कारखाने निघाले होते. वायगर्टने हे रंग वापरून दाखवले आणि पॉलला त्यातून आयुष्यभराची वाट सापडली. वैद्यकीच्या अभ्यासात इतर मुलं पुस्तकं पाठ करत, तेव्हा हा टेबलावर निळे-लाल डाग पाडत बसलेला असे.

या रंगांच्या खेळात एक मोठा प्रश्न दडला होता. एक रंग विशिष्ट पेशींनाच चढतो, शेजारच्या पेशी मात्र कोऱ्या राहतात. असं का? मैत्रिणींनो, हे आपल्याला स्वयंपाकघरातूनच समजेल. हळदीचा डाग सुती साडीवर पडला तर निघता निघत नाही, पण तीच हळद स्टीलच्या ताटाला लागली तर एका हाताने पुसली जाते. हळद तीच, फरक आहे तो धरून ठेवणाऱ्याचा. एर्लिख यांनी नेमका हाच धागा पकडला. रंग जर निवडून चिकटतो, तर औषधही निवडून चिकटेल. आणि जो पदार्थ चिकटतच नाही, तो काही करूही शकणार नाही.

१८७८ साली ते डॉक्टर झाले आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात लागले. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. तो जंतू नीट दिसावा म्हणून रंगवण्याची अधिक चांगली पद्धत एर्लिख यांनी त्याच वर्षी शोधून काढली. पुढच्या वर्षी हेडविग पिंकुस यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्या तेव्हा १९ वर्षांच्या होत्या. पुढे दोन मुली झाल्या. संसार सुरळीत चालला असतानाच एर्लिख यांना क्षयाने गाठलं. मग हवापालटासाठी नवराबायको इजिप्तला गेले. बरे होऊन परत आल्यावर त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शक जवळ ओढला.

त्या वेळी घटसर्प हा लहान मुलांचा काळ होता. एमिल बेरिंग यांनी त्यावर प्राण्यांच्या रक्तातून रक्तलस (सीरम) तयार केली होती, पण कधी गुण यायचा, कधी नाही. तिची ताकद कशी मोजायची आणि ती सारखी कशी ठेवायची, हे एर्लिख यांनी बसवून दिलं, तेव्हा ती भरवशाची झाली. १९०१चं पहिलं नोबेल मात्र एकट्या बेरिंग यांना मिळालं. दोघांच्या मैत्रीत अंतर पडलं ते पडलंच. एर्लिख यांना नोबेल मिळालं १९०८ साली, रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांच्याबरोबर विभागून. शरीर आजाराशी कसं लढतं, हे उलगडल्याबद्दल तो मान होता.

एर्लिख यांचं म्हणणं असं, की पेशीच्या अंगावर लहान लहान हात असतात. एरवी त्या हातांनी ती अन्न धरते. कुलपात किल्ली बसावी तसं जंतूंचं विष त्याच हातात नेमकं बसतं. मग पेशी घाबरून तसेच जादा हात तयार करते. ते रक्तात सुटतात आणि विषाला बाहेरच्या बाहेर पकडतात. आज यातले सगळे तपशील टिकलेले नाहीत, पण मूळ कल्पना खरी ठरली.

औषधंही अशाच हातांना चिकटतात का, याबद्दल मात्र ते बराच काळ साशंक होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ साली दाखवलं, की तंबाखूतलं निकोटिन आणि बाणांना लावायचं क्युरारे नावाचं विष, ही दोन्ही स्नायूतल्या एकाच जागेसाठी भांडतात. एक तिला जागं करतं, दुसरं तिला अडवून धरतं. पुढे एर्लिख यांनीही मान्य केलं, की औषधांसाठीही रिसेप्टर असतात. आजचं सगळं औषधशास्त्र या पायावर उभं आहे.

आता त्यांच्या डोक्यात एकच ध्यास होता. जंतूच्या अंगावरच्या जागेला घट्ट चिकटेल, पण माणसाच्या पेशींना जवळजवळ धरणार नाही, असा पदार्थ हवा. बंदुकीची गोळी जशी नेमक्या शत्रूला लागावी आणि शेजारी उभ्या असलेल्या निरपराधाला धक्का लागू नये, तसं. लोक त्याला जादूची गोळी म्हणू लागले.

या कामाला पैसा लागणार होता. तो दिला एका विधवा बाईने. फ्रांझिस्का श्पायर यांचे पती गेऑर्ग हे फ्रँकफुर्टचे सावकारी पेढीवाले. त्यांच्या स्मरणार्थ या बाईंनी संशोधन संस्था उभारून दिली. १९०६ साली ती सुरू झाली. दानधर्म म्हटलं की आपल्याकडे घाट नाही तर सभामंडप आठवतो. या बाईंनी प्रयोगशाळा बांधली! तिथे शिस्त कडक होती. एर्लिख रंगीत पेन्सिलींनी कागदाच्या तुकड्यांवर रोजची कामं लिहून सहकाऱ्यांना वाटत. तोंडात सिगार कायम आणि टेबलावर पुस्तकांचे, कागदांचे ढीग.

आल्फ्रेड बर्टहाइम हे रसायनतज्ज्ञ आर्सेनिकचे, म्हणजे सोमलाचे, एकामागून एक नवे पदार्थ बनवत होते. प्रत्येकाला क्रमांक असायचा. ६०६ क्रमांकाचा पदार्थ आधीच्या एका सहायकाने निकामी ठरवून बाजूला ठेवला होता. १९०९ साली जपानहून साहाचिरो हाता नावाचे डॉक्टर आले. सशांना उपदंशाची लागण करून त्यांच्यावर प्रयोग कसे करायचे, याचा त्यांना सराव होता. एर्लिख यांनी त्यांना जुने सगळे पदार्थ पुन्हा तपासायला सांगितले. हातांनी कंटाळा न करता एकेक तपासला. आणि ‘निकामी’ ६०६ दिल्यावर सशाच्या जखमांतले जंतू नाहीसे झाले! आपण एखादी गोष्ट किंवा एखादं माणूस किती चटकन निकामी ठरवतो, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

१९१० साली ‘साल्व्हर्सान’ या नावाने हे औषध बाजारात आलं. विक्रीपूर्वी एर्लिख यांनी सुमारे ६५ हजार डोस डॉक्टरांना फुकट दिले आणि परिणाम कळवायला सांगितलं. तोवर उपदंशावर पारा वापरत. त्याने दात हलायचे, तोंडातून लाळ गळायची, आणि आजार मुळातून बरा व्हायचाच असं नाही. नव्या औषधाने महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा भरून आल्या.

पण कौतुकाबरोबर शिव्याही आल्या. औषधाची पूड हवेला लागली की बिघडायची, टोचायची पद्धत अवघड होती. चुकीच्या पद्धतीने दिलं की अपाय होई, काही रुग्ण दगावलेही. म्हणून १९१२ साली त्यांनी द्यायला सोपं असं दुसरं औषध आणलं. दुसरी टीका वेगळीच होती. हा आजार म्हणजे पापाची शिक्षा, ती तुम्ही माफ का करता, असं म्हणणारेही होते! १९१४ साली फ्रँकफुर्टमध्ये खटला उभा राहिला. तिथल्या रुग्णालयात वेश्यांवर बळजबरीने साल्व्हर्सान टोचतात, असा आरोप एका पत्रकाराने केला होता. एर्लिख यांनी साक्ष दिली. न्यायालयाने बदनामीबद्दल पत्रकाराला शिक्षा दिली. निकाल लागला, तरी एक प्रश्न माझ्या मनात राहतोच. रुग्ण बाई कोणीही असो, तिला विचारून, समजावून उपचार व्हायला हवेत.

या सगळ्या ताणाने ते थकले. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग इथे वयाच्या ६१व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पुढे हिटलरच्या राज्यात ते ज्यू म्हणून फ्रँकफुर्टमधल्या रस्त्यावरून त्यांचं नाव काढून टाकलं गेलं. म्हाताऱ्या हेडविगना देश सोडून जावं लागलं. १९४८ मध्ये अमेरिकेत त्या वारल्या. युद्ध संपल्यावर रस्त्याला नाव परत मिळालं. ज्याच्या औषधांनी कुणाची जात-धर्म विचारला नाही, त्याच्याच घरच्यांवर ही वेळ आली!

आता आपल्याकडे बघू. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि साल्व्हर्सान मागे पडलं. पण आजार अजून आहे, आणि त्याची लाजही आहे. आरोग्य शिबिरात बसलं की हे पदोपदी जाणवतं. अंगावर व्रण आलेली बाई कोपऱ्यात येऊन हळूच विचारते, आणि आधी हेच सांगते की घरी कळू देऊ नका. पुष्कळदा आजार नवऱ्याने आणलेला असतो आणि बोल मात्र तिला लागतात. त्यातून ती गरोदर असेल तर धोका पोटातल्या बाळालाही असतो. गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं किंवा आजार घेऊनच जन्मू शकतं. म्हणून गरोदरपणात लवकर नाव नोंदवा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची रक्त तपासणी होते, त्यात ही तपासणी झाली का, ते विचारा. आजार वेळेवर कळला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आईही बरी होते आणि बाळही वाचतं. नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार व्हायला हवेत, नाही तर लागण पुन्हा होते.

आणखी एक गोष्ट. औषध अपुरं पडलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे एर्लिख यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाहिलं होतं. जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात टाकून देण्याची आपली सवय म्हणूनच महागात पडते. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करायचा.

एर्लिख यांनी उपदंशाकडे रोग म्हणून पाहिलं, पाप म्हणून नाही. जंतूला लाज नसते, तो श्रीमंत-गरीब, सोवळं-ओवळं बघत नाही. मग त्यावरचा इलाज घ्यायला बाईने तरी का लाजावं? शेजारची एखादी मैत्रीण असं काही लपवत असेल, तर तिला नावं ठेवण्यापेक्षा तिचा हात धरून दवाखान्यात नेणं, हे आपल्यापैकी कुणालाही जमण्यासारखं आहे.