सहीखाली ‘व्यापारी’ लिहिणारे जोतीराव

क्रांतिबा जोतीराव फुले म्हटले की मुलींची शाळा, ‘गुलामगिरी’ आणि सत्यशोधक समाज एवढे आपल्याला आठवते. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतही तेच सांगितले जाते. परंतु या माणसाने पोटासाठी काय केले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना जोतीरावांनी सहीखाली आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली. समाजसुधारक हा शब्द तिथे नाही. वकिली करणाऱ्याला ठाऊक असते की, सरकारी कागदावर माणूस आपला धंदा विचारपूर्वक लिहितो.

धंदा त्यांच्या घरात होताच. मूळचे हे गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविता पुरविता घराण्याचे नाव फुले पडले. वडील गोविंदराव फुले-भाजीचा व्यवसाय करीत. १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांना मधेच शाळा सोडून शेतावर राबावे लागले आणि १८४१ साली ते पुन्हा मिशनच्या शाळेत गेले. १८४८ साली भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सनातन्यांच्या दडपणामुळे १८४९ साली वडिलांनी त्यांना सावित्रीमाईंसह घराबाहेर काढले. आता पोट आणि चळवळ ही दोन्ही ओझी त्यांच्याच खांद्यावर आली.

१८६३ साली त्यांनी एकीकडे बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि दुसरीकडे धातूच्या ओतकामाचे साहित्य विकण्याचा धंदा सुरू केला. इंग्रजी राजवटीत पूल, रस्ते, धरणे होत होती. जातीने ठरवून न दिलेले हे नवे क्षेत्र आहे, हे त्यांनी नेमके हेरले आणि ते ठेकेदारीत उतरले. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी ठेकेदार म्हणून त्यांचा संबंध आला. मांजरीला जमीन घेऊन त्यांनी शेतीही केली.

या धंद्याने त्यांना पैशाबरोबर दृष्टीही दिली. बांधकाम खात्यातले भटी कारस्थान आणि मजुरांची लूट त्यांनी जवळून पाहिली. म्हणूनच १८७३ च्या ‘गुलामगिरी’त इंजिनीअर खात्यातील लबाडीवर पवाडा आहे. सरकारी नोकराला वरिष्ठाच्या मर्जीवर जगावे लागते, त्याला असे लिहिणे परवडले नसते. जोतीरावांची भाकरी विरोधकांच्या हातात नव्हती, म्हणून त्यांची लेखणीही कोणाच्या हातात गेली नाही.

मात्र त्यांनी कमाई साठवली नाही. १८८८ साली अर्धांगवायूने उजवा हात गेला, तेव्हा ते डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहू लागले. १८९० साली मामा परमानंदांना त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदत मागावी लागली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले.

आज आपली मुले वर्कशॉप टाकतात, लहान ठेके घेतात, माल पुरवितात. बिल महिनोन्महिने अडते, पण पुढचे काम जाईल या भीतीने ती गप्प बसतात. अशी मुले माझ्याकडे येतात, ती बहुधा कर्जात बुडाल्यावर! वास्तविक २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २०१२ च्या धोरणाने केंद्रीय खाती व उपक्रमांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा ठेवला आहे. पण मागितल्याशिवाय तो पदरात पडणार नाही.

म्हणून बांधवांनो, धंद्याची नोंदणी करा, प्रत्येक व्यवहाराचा कागद जपून ठेवा आणि हक्काचे पैसे मागताना मान खाली घालू नका. जोतीरावांचा फोटो दुकानात जरूर लावा, पण सहीखाली ‘व्यापारी’ लिहिण्याचा त्यांचा ताठ कणाही घ्या!